पातेरा जाळू नका, राखून ठेवा: गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी परसातल्या खताची माहिती

मी घाटावरून लग्न होऊन फोंडा तालुक्यात आले. माहेरी उकिरडा म्हणजे खड्डा, हे डोक्यात पक्कं होतं. म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात परसाच्या कडेला कमरेइतका खड्डा खणून घेतला आणि पाला, गवत, भाजीची देठं त्यात टाकत गेले. जून लागला आणि आठ दिवसांत खड्डा काठोकाठ भरला. वर काळं पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या, आणि वास थेट स्वयंपाकघरात. शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, “बाय, खड्ड्यात पाला कुजत नाही, सडतो. कुजायला वारा लागतो.”

पुढे जे काही शिकले ते या एका वाक्यातूनच. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोरड्या मुलखात खड्डा ओल धरून ठेवतो म्हणून तिथे तो चांगला. इथे ओल धरायची नसते, पाणी घालवायचं असतं. म्हणून गोव्यात खत करायचं ते जमिनीच्या वर आणि छपराखाली.

छपराचं लवकर लक्षात आलं. दुसरी गोष्ट कळायला मात्र तीन वर्षं गेली. खताला सुका आणि ओला असा दोन्ही माल लागतो, आणि आपल्याकडे हे दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. पौषापासून चैत्रापर्यंत अंगण सुक्या पानांनी, म्हणजे पातेऱ्याने भरतं, तेव्हा हिरवं काही नसतं. आषाढ-श्रावणात गवत गुडघ्यापर्यंत येतं, तेव्हा सुकं पान औषधालाही सापडत नाही. लोक उन्हाळ्यात पातेरा जाळतात आणि पावसाळ्यात गवताचा ढीग लावतात. मग ढीग चिकट होतो, घाण मारतो, आणि “आपल्याकडे खत होत नाही” असा निष्कर्ष निघतो. खत होतं. फक्त फाल्गुनातला पातेरा श्रावणापर्यंत सांभाळावा लागतो.

परसातून काय काय निघतं

नव्या घरात गेल्यावर लगेच काही बांधू नका. आधी झाडं मोजा. एका मोठ्या माडाची वर्षाला साधारण १२ ते १४ चुडतं (झावळ्या) गळतात, म्हणजे महिन्याला एक धरा. दहा माड असतील तर वर्षाला सव्वाशेच्या आसपास चुडतं झाली. आंबा, काजू, फणस यांची पानं जाड आणि चिवट. त्यांना कुजायला वेळ लागतो. केळीचा गाभा म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. पोफळी असतील तर विऱ्या, म्हणजे पानाबरोबर गळणारी रुंद आवरणं. कुंपणाची जास्वंद आणि मेंदी पावसात दर महिन्याला छाटायला येते.

जुन्या घरांत याला कचरा कोणी म्हणत नसे. चुडतं, पोयी (माडाच्या फुलोऱ्यावरची आवरणं), सोडणं (नारळाच्या साली), करवंट्या सगळं न्हाणीच्या चुलीखाली जायचं, हिरांचे खराटे व्हायचे, झावळ्यांचे झाप विणून पावसाळ्यात भिंतींना बांधायचे. घरात गीझर आला आणि चुडताला जागा उरली नाही. माड आहेत तेवढेच आहेत, त्यांचं गळणंही तेवढंच आहे. घरातली चूल तेवढी गेली.

आता जाळण्याबद्दल. सकाळी अंगण झाडून ढिगाला काडी लावायची सवय इथे अजून आहे, आणि नवीन माणूस शेजाऱ्यांचं बघून तेच करतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतला कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवायची जबाबदारी घरमालकावर टाकली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. पण दंडाहून मला भीती आगीची वाटते. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यातले कितीतरी डोंगर पेटले होते. वाऱ्यावर एक जळतं पान डोंगराच्या सुक्या गवतात गेलं तरी पुरे. पाला व्हाळात (ओढ्यात) ढकलणं हाही उपाय नाही. मेमध्ये व्हाळात टाकलेली चुडतं जूनमध्ये पुलाखाली अडकतात आणि पाणी खालच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर चढतं.

पहिली पायरी: पातेऱ्याचा पिंजरा

सुरुवात इथून करा, खताच्या ढिगापासून नव्हे. हार्डवेअरच्या दुकानातून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी घ्या, चार फूट उंचीची, दहा फूट लांब. तिची दोन टोकं तारेने बांधली की तीन फूट व्यासाचं नळकांडं तयार होतं. ते सावलीत उभं करा, पण घराच्या भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, कारण उन्हाळ्यात हा सुका माल आहे. डिसेंबरपासून अंगण झाडाल तो सगळा पातेरा यात टाका. मधून मधून पायाने दाबा. एक पिंजरा भरला की दुसरा करा. मोठ्या आंब्याखाली दोन पिंजरे सहज भरतात.

माती, खडी, प्लॅस्टिकची वेष्टनं झाडताना आत जाऊ देऊ नका. ती पुढे खतातून वेचणं फार त्रासाचं काम आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पिंजऱ्यांवर पत्रा किंवा ताडपत्री टाका. निम्मा माल पोत्यांत भरून पडवीत ठेवला तर आणखी चांगलं. पावसात भिजलेला पातेरा वाया जात नाही, तो सावकाश कुजून पानमाती होतो आणि कुंड्यांना उत्तम चालतो. पण मग श्रावणातल्या गवतात मिसळायला सुकं काही उरत नाही.

दुसरी पायरी: चुडतं वेगळी

चुडतं ढिगात अख्खी घालू नका. ती आडवी पडून वरचं पाणी खाली जाऊ देत नाहीत आणि ढीग परतताना दाताळ्यात अडकतात. कोयत्याने पाती दांड्यापासून सोडवा. पात्यांचे वीतभर तुकडे ढिगात जातात. दांडे आणि बुंध्याकडचे जाड पिडे ढिगाच्या तळाला रचायला ठेवा, किंवा कोणाकडे अजून चूल असेल तर त्यांना द्या. ते आनंदाने नेतात.

माल फार असेल तर चुडतांचं गांडूळखत करता येतं. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने ही पद्धत बसवली आहे. पाती आधी दोन-तीन आठवडे पाणी मारून मऊ करायची, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं शेण घालायचं आणि मग गांडुळं सोडायची. अडीच ते तीन महिन्यांत खत मिळतं. पहिल्या वर्षी मात्र यात पडू नका. गांडुळांना रोज लक्ष लागतं, मुंग्यांपासून जपावं लागतं, आणि साधा ढीग जमल्याशिवाय ते जमत नाही.

पाडेलीशी आधीच बोलून ठेवा. तो नारळ पाडायला चढतो तेव्हा सुकी चुडतं आणि पोयीही काढून टाकतो. त्या जिथे पडतील तिथे न सोडता एका कोपऱ्यात ओढून ठेवायला सांगा आणि त्याचे चार पैसे वेगळे द्या.

सोडणं माडाच्या आळ्यात पसरा, पाठ वर आणि पोकळ बाजू खाली. उताणी ठेवली तर प्रत्येकात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. करवंट्याही तशाच, पालथ्या.

तिसरी पायरी: जागा आणि चिऱ्यांचा कप्पा

गोव्यात चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, कुठेही मिळतात. बांधकामातून उरलेले, कोपरे तुटलेले चिरे चालतात. तीन बाजूंनी चार फूट रुंद आणि चार फूट उंच भिंत रचायची, सिमेंट न लावता आणि दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवून. पुढची बाजू उघडी. असे दोन कप्पे शेजारी शेजारी हवेत, एकातून दुसऱ्यात माल परतता येतो.

जमीन आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करून घ्या. विहिरीपासून लांब. वर पत्र्याचं किंवा झापांचं उतरतं छप्पर, भिंतीच्या वर दीड-दोन हात उंच, म्हणजे वारा खेळता राहील. ढिगावर ताडपत्री घट्ट बांधून ठेवली की आत तेच होतं जे माझ्या खड्ड्यात झालं होतं.

चौथी पायरी: ढीग लावणं

यात कर्ब आणि नत्राचा हिशोब आहे. जिवाणूंना कर्ब खायला लागतो आणि वाढायला नत्र. २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र असला की काम जोरात चालतं. सुक्या पानांत हे प्रमाण साधारण ४० ते ८० ला १ असतं, हिरव्या गवतात १५ ते २५ ला १. घमेल्यांत सांगायचं तर एक घमेलं ओल्याला दोन ते तीन घमेली सुकं. एवढं लक्षात ठेवा, बाकी आकडे विसरलात तरी चालेल.

तळाला वीतभर उंचीचे पिडे आणि काटक्या, मधून हवा जाईल अशा. त्यावर पातेरा, मग गवत किंवा छाटलेला हिरवा पाला, मग शेणाच्या पाण्याचा शिडकावा. पुन्हा पातेरा. प्रत्येक थर चार बोटांचा, त्याहून जाड नको, विशेषतः गवताचा. जाड थर दबून चपातीसारखा होतो आणि आत हवा जात नाही. घरात मागच्या वर्षीचं खत असेल तर मधून मूठ मूठ टाका, तेच विरजण. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्या मी दोनदा वापरल्या, शेणाहून वेगळा फरक दिसला नाही.

ढीग एकाच दिवशी तीन फूट उंच झाला पाहिजे. रोज एक टोपली टाकून तो कधी तापत नाही. म्हणून सुकं पिंजऱ्यात जमवायचं आणि गवत कापाल त्या दिवशी सगळा ढीग लावायचा.

पानं चिवट असतील तर कोयत्याने तोडा, किंवा लावण्याआधी दोन दिवस भिजवा. आंब्याच्या पानाला मेणासारखा थर असतो, तो फाटल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. वाड्यावर कोणाकडे पाला चुरायचं यंत्र असेल तर निम्मं काम हलकं होतं.

ओल कशी बघायची? मूठभर माल घट्ट पिळा. दोन-चार थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पातेरा घाला. हात कोरडा राहिला तर पाणी.

दोन-तीन दिवसांत ढिगातून वाफ यायला लागेल. लोखंडी सळई मध्यभागी खुपसून पाच मिनिटांनी काढा; हात लावून धरवत नसेल तर आत ५५ ते ६५ अंश झालेत. तणांचं बरंचसं बी आणि रोगजंतू या उष्णतेत मरतात. सळई कोमट लागायला लागली की ढीग शेजारच्या कप्प्यात परता, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. पहिल्या महिन्यात आठ-दहा दिवसांनी, मग तीन आठवड्यांनी. परतायचं काम आळसाने टाळलं तरी खत होतं, फक्त वर्ष लागतं. आणि आपल्याकडे तेवढं वर्ष वाट बघणं परवडत नाही, का ते पुढे सांगते.

उन्हाळ्यात ढीग लावायचा झाला तर हिरवं आणायचं कुठून? गिरिपुष्पाचं कुंपण लावा. फांदी खोचली की जगते, छाटली की फुटते आणि पाल्यात नत्र भरपूर. रानमोडीही चालते, पण फुलायच्या आत कापलेली. ती डिसेंबरच्या सुमाराला फुलते आणि तिचं बी वाऱ्यावर उडतं.

एप्रिलमध्ये काजूची बोंडं गळतात. बोंडं किंवा त्यांचा चोथा थोडा थोडा घाला, वर लगेच पातेरा. नाहीतर आंबट वासाला माश्या येतात. चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरवल्यावर तिची पानं, वेली आणि खराब झालेली फळं नदीत न सोडता ढिगात घाला. दोऱ्या आणि तारा मात्र आधी सोडवून घ्या. आमच्या घरात सासूबाईंना हे पहिल्यांदा पटलं नव्हतं. त्या खतावर पुढे तुळस लावली, तेव्हा पटलं.

ढिगात काय घालायचं नाही

कोळेरोगाने गळलेल्या सुपाऱ्या, मर लागलेली मिरीवेल, शेंड्याला कुजलेला माड, पर्णगुच्छ रोगाची केळ, यांपैकी काहीही नाही. तुमचा ढीग कोपऱ्यांपर्यंत सारखा तापेल याची पहिल्या दोन वर्षांत खात्री नसते आणि रोग खताबरोबर सगळ्या परसात फिरतो. असा माल वेगळा ठेवून विभागीय कृषी कार्यालयात विचारा. मासळीचे काटे-कल्ले उघड्या ढिगात घातले तर मांजरं, कुत्री आणि मुंगूस रात्रीत ढीग उकरतात. माझा सल्ला, पहिलं वर्ष मासळी ढिगापासून लांब ठेवा.

माडांच्या गावात ढीग आणि भुंगा

ही गोष्ट शहरातल्या खताच्या माहितीत येत नाही, आणि गोव्यात तीच सगळ्यात महत्त्वाची. गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजक्या मालात: शेणाच्या राशीत, सडलेल्या माडाच्या खोडात, आणि तुमच्या खताच्या ढिगात. अळ्या कित्येक महिने आत वाढतात. मग भुंगा उडतो, माडाच्या न उमललेल्या कोंबात शिरतो, आणि ते चुडत उलगडतं तेव्हा कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं. भोकात पुढे सोंड्या भुंगा शिरला तर माड जातो. सहा महिने न हलवलेला ढीग म्हणजे स्वतःच्या हाताने केलेली भुंग्यांची पैदास. शेजाऱ्यांचे माडही त्याच हवेत आहेत.

म्हणून ढीग परतताना प्रत्येक वेळी अळ्या शोधा. जाड, पांढरट, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली. मात्र अशा दिसणाऱ्या सगळ्याच अळ्या शत्रू नसतात. अळी सपाट जमिनीवर ठेवून बघा: पाठीवर उलटी होऊन सरपटायला लागली तर ती फुलभुंग्याची, तिला ढिगात परत सोडा, ती खत करते. कुशीवर पडून राहिली तर गेंड्याची समजा. ती कोंबड्यांना घाला. अळ्या फार निघाल्या तर मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी ढिगावर शिंपडतात. ती या अळ्यांना रोग लावते. त्याची चौकशी कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात करा. मेलेल्या माडाचं खोड परसात पडू देऊ नका.

तयार झालेलं खत पावसाळ्यानंतर ढिगात न ठेवता चाळून पोत्यात भरा. भुंग्याला राहायला जागाच द्यायची नाही.

ढिगाशी काम करताना पायात बूट आणि हातात मोजे हवेतच. आधी काठीने चारी बाजू ठोका, मग फावडं घाला. उबदार, मऊ ढीग सापांनाही आवडतो. धामण त्यात अंडी घालते, घोणस पातेऱ्यात दिसत नाही. पाल्यात उघडा हात कधीही घालू नका.

वाड्याचा एकच ढीग

लहान परसात तीन फुटांचा ढीग लावण्याइतका माल एका वेळी निघत नाही. आम्ही पाच घरांनी मिळून कप्पे बांधले, ज्यांच्या परसात जागा होती त्यांच्याकडे. सुरुवातीला वाद झाले ते खतावरून नव्हे, आणून टाकण्यावरून: कोणी रात्री चुडतं अख्खी टाकून जायचं, एकदा पिशवीसकट निर्माल्य आलं. मग तीन गोष्टी ठरवल्या. टाकायचं ते पिंजऱ्यात किंवा चुडतांच्या कोपऱ्यात, कप्प्यात परस्पर काही नाही. ढीग लावायचा महिन्यातून एका रविवारी, सगळ्यांनी मिळून. आणि खत वाटायचं ते कामाला आलेल्या घरांना, माल कोणी किती टाकला हे न मोजता. तिसऱ्या नियमाने माणसं यायला लागली.

वाड्यावर बंद घरं असतातच. मालक मुंबईला किंवा परदेशात. त्यांच्या अंगणातला पाला न विचारता उचलू नका. राखणदार असेल तर त्याच्यामार्फत फोनवर विचारून घ्या, बहुतेक जण हो म्हणतात. मोठ्या वसाहतीत राहत असाल तर सोसायटीच्या सभेत विषय मांडा: २०१६ च्या नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींनी कुजणारा कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं म्हटलं होतं. पणजीतल्या कितीतरी वसाहतींत खताचे कप्पे वर्षानुवर्षं चालू आहेत, ते एकदा जाऊन बघा. बागकामाचं कंत्राट देताना छाटलेला पाला आवारातच ठेवायचा हे कागदावर लिहून घ्या, नाहीतर तो रस्त्याच्या कडेला रिकामा होतो. आणि छाटणीच्या नावाखाली झाड तोडायला आणू नका. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला वनखात्याची परवानगी लागते.

खत झालं हे कसं ओळखायचं आणि कुठे घालायचं

तीन ते चार महिन्यांत ढीग निम्म्याहून खाली बसतो. रंग काळपट, वास पहिल्या पावसातल्या मातीचा, पान ओळखू येत नाही. शंका असेल तर ओलं खत मूठभर पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून कच्चं आहे. किंवा कुंडीत घालून मेथी पेरा. मेथी सरळ उगवली तर खत झालं.

जांभ्याची माती आंबट आणि पावसाने धुतलेली असते, तिला खत कितीही दिलं तरी पुरत नाही. एका मोठ्या माडाला वर्षाला २५ ते ५० किलो सेंद्रिय खत द्यावं अशी शिफारस आहे. दहा माडांना अडीचशे ते पाचशे किलो. त्यामुळे जास्त झालेल्या खताचं काय करायचं हा प्रश्न कधी येत नाही. माडाला बुंध्याशी न घालता हातभर लांब, आळ्यात गोल पसरून मातीने झाका. ऐन जुलैच्या धारेत घालू नका, वाहून जातं. पहिला हप्ता पावसाची सुरुवात स्थिरावल्यावर, दुसरा सप्टेंबरात पाऊस ओसरताना. भाजीचे वाफे तुळशीच्या लग्नानंतर करतात, तेव्हा दोन पोती त्यांच्यासाठी राखा.

वाफे लावून झाले की रिकामे पिंजरे धुऊन, तुटलेली जाळी तारेने शिवून आंब्याखाली पुन्हा उभे करा. तोवर डिसेंबर लागलेला असतो आणि पानं गळायला सुरुवात झालेली असते.